बाळगोंडा आणि बारा शाळांची घंटा

गडहिंग्लजच्या पलीकडे एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. बाळगोंडा मगदूम त्याचं नाव. स्वभावाने अगदी गाय. सांगितलेल्या शब्दाबाहेर तो पाऊल टाकायचा नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

शालनाक्कांच्या कारखान्यात तो कामाला होता. अक्का शाळांसाठी आपोआप वाजणारी घंटा बनवत. आसपासच्या बारा शाळांतला रुळाचा तुकडा आणि हातोडा जाऊन तिथं अक्कांचं यंत्र बसलं होतं. आठ शाळांत नवं, चार शाळांत जुनं. नवा प्रोग्राम जुन्या यंत्राला पेलायचा नाही, म्हणून नव्यात काही दुरुस्त केलं की तेवढीच दुरुस्ती जुन्यातही नेऊन लावावी लागे. हे काम बाळगोंडाचं. कुठल्या ओळी काढायच्या आणि कुठल्या घालायच्या हे सांगणाऱ्या चिठ्ठीला ते पॅच म्हणत. प्रत्येक बदलाची नोंद गिट नावाच्या संगणकातल्या नोंदवहीत राही. जुनं काहीच टाकलं जात नसे.

एकदा शनिवारच्या सकाळच्या शाळेचा पॅच आला. अक्कांनी बजावलं, "चिठ्ठीत आहे तसंच कर. आपलं डोकं लावू नको."

चिठ्ठीत होतं, दोनशे बाराव्या ओळीपासून दोन ओळी काढा. नव्या प्रोग्राममध्ये तिथं शनिवार होता. जुन्यात तिथं शाळा सुटायची घंटा होती. बाळगोंडाने डोकं लावलं नाही.

त्या दिवशी चार शाळा सुटल्याच नाहीत. गुरुजी उठेनात म्हणून पोरं बसली, पोरं उठेनात म्हणून गुरुजी बसले. गुरं घरी आली तरी पोरांचा पत्ता नाही, तेव्हा आयाच शाळेत आल्या.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अरे, ओळीचा आकडा बघायचा नसतो. आजूबाजूला काय लिहिलंय ते बघायचं. तसंच जिथं दिसंल तिथं लावायचं."

"व्हय अक्का," बाळगोंडा म्हणाला.

पुढचा पॅच मधल्या सुट्टीचा. बाळगोंडाने आजूबाजूला बघितलं. जुन्या प्रोग्राममध्ये आठही तासांच्या आजूबाजूला सारखंच लिहिलेलं. त्याने आठही ठिकाणी लावला. दुसऱ्या दिवशी चार शाळांत दर तासानंतर मधली सुट्टी झाली. पोरं खूश. खिचडी वाढणाऱ्या मावशींनी पाचव्या सुट्टीला पळी खाली ठेवली आणि त्या घरी निघून गेल्या.

आता कन्याशाळेचे मुख्याध्यापक कुराडे सर स्वतः कारखान्यात आले. सोमवारी दहावीची सराव परीक्षा होती. घंटा पुन्हा एकदा चुकली तर यंत्र काढून रूळ टांगीन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. अक्कांनी मनात हिशेब केला. एका शाळेने रूळ टांगला की बाकीच्याही टांगणार, आणि आठ वर्षांची मेहनत पाण्यात जाणार.

सोमवारी अक्कांना सुटे भाग आणायला कोल्हापूरला जायचं होतं. निघण्याआधी त्यांनी बाळगोंडाला समोर बसवलं.

"हे बघ. काही बिघडलं तर नवीन काही करायला जाऊ नको. शेवटचं जिथं नीट चालत होतं, तिथं मागं जायचं. चाललं का बघायचं. एका शाळेत चाललं की तेच बाकीच्या शाळांत न्यायचं. आणि नोंद करायची."

बाळगोंडाने ते तळहातावर लिहून घेतलं.

सोमवारी कन्याशाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा वाजली. दोनच मिनिटं. बाळगोंडा लॅपटॉप घेऊन धावला. तळहात वाचला, आणि दारातल्या दादू शिपायाला विचारलं, "दादूमामा, ही घंटा शेवटची नीट कधी वाजत हुती?"

दादूमामांनी बराच विचार केला. "खरं सांगू? तुमचं यंत्र यायच्या आदी. त्या रुळानं येकदाबी दगा दिला न्हाई."

बाळगोंडाचा जीव भांड्यात पडला. रूळ अडगळीच्या खोलीतच होता, कारण शाळाही जुनं काही टाकत नाहीत. त्याने यंत्र उतरवलं, रूळ टांगला आणि हातोडा हाणून बघितला. चाललं. मग त्याने तळहातावरची पुढची ओळ वाचली.

मंगळवारी अक्का कारखान्यात आल्या, तर टेबलावर बारा यंत्रं ओळीने मांडलेली. वायरी नीट गुंडाळलेल्या. बाळगोंडा हात धुऊन पुसत उभा होता.

"अक्का, बाराच्या बारा शाळा झाल्या. एक तक्रार न्हाई. कुराडे सरांनी तर च्या पाजला. आता ह्याला पॅचच लागायचा न्हाई."

 अक्कांनी गिट उघडलं. नोंद चोख होती: 'शेवटच्या नीट चालणाऱ्या आवृत्तीवर मागे आलो. बाराही ठिकाणी वाजवून पाहिले.'

एवढ्यात गावातल्या शाळेचा रूळ वाजला. अक्कांनी घड्याळ बघितलं. बरोबर साडेदहा झाले होते.