मांडवाच्या खांबाचा खड्डा

"दगड लागला का रे?" मठाच्या गुरू आक्कांनी ओसरीवरून विचारलं.

शिष्य पद्माकरने मान हलवली. नाही.

खड्ड्यातून ठिणगी उडाली होती. पहार हातातून सुटून पडली होती. पायात रबरी चपला होत्या म्हणून गडी उभा तरी होता.

तोंड मात्र मिटलेलं. चातुर्मासभर मौन धरलं होतं ना! आणि त्या मौनाचा काय तो थाट... गळ्यात पाटी, पाटीला रेशमी दोरी. उद्या ते सुटणार, पाच गावची माणसं बघायला येणार. त्या सोहळ्याचा मांडव बागेत मधोमधच हवा, म्हणून खांबाचा खड्डाही यानंच खणायला घेतलेला.

त्याने पाटीवर लिहिलं : जमिनीतली विजेची केबल तुटली.

आक्का पायऱ्या उतरून आल्या. वाचलं.

"मेन स्विच बंद केलास?"

मान हलली. नाही.

"मग लिहीत काय बसलास, मेल्या!"

तेवढ्यात झेंडूच्या वाफ्यापलीकडून झुंबराबाई आली. झाडांना पाणी घालायचं काम तिचं. अनवाणी. पाइप ओढत उलटी चालत येत होती, आणि पाइपाचं पाणी वाफ्यातून थेट खड्ड्याकडे धावत होतं.

"मी स्विच बंद करते. तू तिला थांबव." गुडघा दाबत आक्का मीटरच्या खोलीकडे निघाल्यासुद्धा.

पद्माकरने टाळ्या वाजवल्या. पाटी उंच धरली.

बाईची इकडे पाठ... आणि तोंड इकडे असतं तरी तिला अक्षर कुठे येत होतं!

धावत जावं, तर मध्ये सगळी ओली माती.

ती एक पाऊल मागे आली. आणखी एक.

उद्याचा मांडव, हार, पाच गावं... त्याने पाटी सोडून दिली.

"झुंबराबाई! थांबा! पाय टाकू नका! वीज आहे तिथं!"

बाई जागच्या जागी थिजली. मग हळूच मान वळवली.

"अगं बया... महाराज बोललं!"

आक्का परत आल्या, तेव्हा पदराच्या गाठीत फ्यूज बांधलेला होता.

"वायरमनला निरोप धाडलाय. तो येईपर्यंत इथून हलायचं नाही. जो येईल त्याला ओरडून अडवायचं."

"पण आक्का, फ्यूज तर तुम्ही..."

"ओरडायचं म्हटलं ना?"

तो ओरडत राहिला. पोरांवर ओरडला, मठाच्या गाईवर ओरडला, हार घेऊन आदल्या दिवशीच येऊन ठेपलेल्या पाहुण्यांवरही ओरडला. वायरमन आला, केबल जोडून, तपासून गेला, तोवर याचा आवाज पार बसला होता.

"आक्का," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उद्या लोक मौन सुटताना बघायला येणार. त्यांना काय सांगू?"

आक्का फावड्याने खड्ड्यात माती लोटत होत्या. हात थांबला नाही.

"म्हणावं, आजच धरलंय."