तेरावे पाय

“सगळे पाय धुऊन आलेत? मग मी काय धुऊ?” फादर हिलरींनी विचारलं.

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. तयारी तरुण डिकन इनासकडे होती. दोन महिन्यांनी तो धर्मगुरू होणार होता. आजचं प्रवचनही त्याचंच होतं. विषय प्रीती.

“साबण लावून, नखं कापून या म्हणून सांगितलं होतं, फादर,” तो अभिमानाने म्हणाला.

“पावलू दिसत नाही.”

इनास हातातले कागद नीट करू लागला.

“त्याचं नाव काढलं. साखरेच्या आजाराने पायाला जखम झालीय. वास येतो. जवळ बसायला कोणी तयार नाही... त्याच्या जागी दुसरा घेतला.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगितलं. पुढच्या वर्षी बघू म्हणालो.”

“मग काय म्हणाला?”

“काही नाही. हसला.”

फादरांनी परात काखेत धरली, तांब्या आणि टॉवेल घेतला आणि ते मागच्या दाराने बाहेर पडले. इनास कागद घेऊन मागोमाग गेला.

विहिरीच्या कट्ट्यावर पावलू बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडकं.

“घरी नाही गेलास?” फादरांनी विचारलं.

“जाणारच होतो. शर्ट घातलाच आहे, तर म्हटलं गाणी ऐकून जावं.” मग त्याने पाय कट्ट्याआड ओढला. “तुम्ही आत जा, फादर. लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत.”

फादरांनी परात त्याच्यापुढे ठेवली आणि टॉवेल इनाससमोर धरला.

इनास तसाच उभा राहिला. आतून पेटीचे सूर येऊ लागले.

“फादर... प्रवचन?”

फादरांचा हात खाली आला नाही.

बऱ्याच वेळाने इनासने कागद कट्ट्यावर ठेवले. टॉवेल घेतला. गुडघे टेकले. फडकं सोडताना त्याने श्वास रोखला, मग रोखून रोखून दमला आणि सोडला.

तो तांब्या कलंडवणार, तेवढ्यात फादर म्हणाले, “थांब. गार आहे. स्वयंपाकघरातून कढत पाणी आण, त्यात मिसळ.”

पावलू ओशाळला. “कशाला त्रास? त्या पायात मला काही कळतच नाही, बाबा. गार काय नि गरम काय.”

इनास धावत गेला, पाणी घेऊन आला, तांब्यात मिसळलं आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला. आता आतली पेटीही थांबली होती.

त्याने तांब्या उचलला.

“त्याला कळत नाही,” फादर म्हणाले. “आधी तुझ्या हातावर ओतून बघ.”