शेवंतीची सारंगी

हिरव्यागार टेकड्यांच्या कुशीत, बकुळीच्या बनाला टेकून एक चिमुकली झोपडी होती. तिथे शेवंती राहायची, आई आणि श्रीरंगदादासोबत. आई लोकांचं भात कांडायची. घरात सारंगी एकच, तीही दादाची. दादाचं नाव दूरदूरच्या गावांत गाजत होतं. पाहुणे यायचे, दादाचं वादन ऐकून डोलायचे आणि शेवंतीला म्हणायचे, "पोरी, जरा पाणी आण गं."

दुपारी दादाचा डोळा लागला की शेवंती सारंगी घेऊन बनात जायची. तिने तारांवर गज फिरवला की निळी-पिवळी फुलपाखरं वाऱ्यावर थबकायची आणि पानापानांतून सोनेरी कवडसे झुलायचे.

एके दिवशी राजवाड्यातून दादाला बोलावणं आलं. त्या दुपारी शेवंती वाजवत असताना बकुळीच्या इवल्याशा फुलातून एक परी उतरली. तिचे रुपेरी पंख दवासारखे चमचमत होते.

"किती गोड वाजवतेस गं," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण मी नवं काही घडवत नाही. एकाकडचं काढून दुसऱ्याला देते. तेवढाच माझा नियम."

शेवंतीला कधीपासून एकच हवं होतं. "दादाचं नाव मला मिळालं, तर त्याचं जाईल?"

"जाईल."

शेवंतीने झोपडीकडे पाहिलं. बोलावणं आल्यापासून दादा नीट जेवला नव्हता. धास्तीने त्याने सारंगीला हातही लावला नव्हता.

"मग दादाची भीती काढून घे."

"ती तुझ्याकडे येईल, सोनुले."

"येऊ दे. फार मोठी असली तर थोडी थोडी दे."

परी हसली. शेवंतीच्या छातीत काहीतरी गार, करडं उतरलं.

दुसऱ्या दिवशी सारं घर दरबारात गेलं. दादाने सारंगी उचललीच नाही.

"महाराज," तो शांतपणे म्हणाला, "माझी बहीण माझ्याहून छान वाजवते. दुपारी झोपेचं सोंग घेऊन मी तिला ऐकलंय. ते कुणाला कळेल म्हणून मी घाबरायचो. आज भीती वाटत नाही. आधी तिला ऐका."

शेवंती मागे सरकली. दादाने गज तिच्या हातात दिला आणि तो तिच्या शेजारी बसला. "मी आहे ना इथे."

पहिला सूर कापला. दुसरा सावरला. मग जांभळ्या, केशरी सुरांनी दरबार भरून गेला, आणि छातीतलं ते गार, करडं कधी वितळलं, तिला कळलंही नाही.

राजाने दुसरी सारंगी मागवली. बहीणभाऊ प्रथमच एकत्र वाजवू लागले. खिडकीत बसलेल्या परीने डोळे मिटून ऐकलं, आणि ती अलगद उन्हात विरघळून गेली.