ढोलीतली टिटवी

फार पूर्वी एका माळावर लांडगा दिसला की टिटवी ओरडायची आणि हरणं पळून वाचायची. एके दिवशी लांडग्याने चिडून तिची अंडी तुडवली.

"आता तुला जपायला हवं, बाई," म्हातारी हरणी म्हणाली. वानरांकरवी तिने टिटवीला वडाच्या ढोलीत बसवलं आणि तोंडाशी काटेरी फांद्या गच्च लावल्या. आत ऊब होती, खायला किडे होते. टिटवीला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

दुपारी हरणी रडत आली. "लांडग्याने पाडस नेलं गं. तू ओरडली नाहीस, म्हणून आम्ही निर्धास्त चरत होतो."

"पण मला इथून दिसतं कुठे?" टिटवी गोंधळून म्हणाली.

हरणीने उरलेल्या फटीत आणखी एक फांदी खोचली. "लांडगा अजून जवळच आहे. आत सरक."