वेशीवरचा नगारा

फार पूर्वी, सगळा व्यापार उंटाच्या पाठीवरून चालत असे तेव्हाची गोष्ट. वाळवंटात एक छोटंसं शहर होतं. तिथे ना धड पीक, ना सावली. होती एक गोड्या पाण्याची विहीर आणि वेशीवर एक मोठा नगारा. वावटळ उठली की ती शमेपर्यंत नगारा वाजवायचा, अशी तिथली रीत होती. त्यासाठी घराघराची पाळी असे. वाट चुकलेले तांडे त्या आवाजाच्या रोखाने येत, चार दिवस मुक्काम करत, लोकर आणि खजुराची देवघेव करत. त्यावरच शहराचं पोट चाले.

पुढे दूर समुद्राकाठी बंदर झालं. माल गलबतांतून जाऊ लागला आणि तांडे यायचे थांबले. पण शहराचं नशीब बघा, अर्ध्या कोसावर मिठाची जमीन सापडली! रंगारी, लोहार, सराईवाले, सगळे मिठामागे लागले. घरं दुमजली झाली, माना ताठ झाल्या.

एकदा खारं पाणी उपसायला मोट कमी पडली. नगरशेठ म्हणाला, "वेशीवरचं कातडं फुकट वाळतंय. काढा ते आणि मोट शिवा."

नगाऱ्याची निगा राखणारी म्हातारी आडवी आली. "शेठजी, नका हो! वावटळीत माणसाला दिशा कळत नाही."

"आजी, आता तांडे येतात का? वाजवायचा कुणासाठी?"

"जो बाहेर असेल त्याच्यासाठी."

सगळे हसले. शेठचे दोन तरुण मुलगे तर पोट धरधरून हसले. कातडं निघालं.

त्याच उन्हाळ्यात भर दुपारी वावटळ उठली. शेठचे मुलगे मिठावर गेले होते. शेठ धावत वेशीवर आला. नगाऱ्याचं नुसतं भांडं उरलं होतं. त्याने थाळ्या बडवल्या, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. वाऱ्यापुढे काही चाललं नाही.

वारा पडल्यावर मुलगे सापडले. वेशीपासून शंभर पावलांवर, शहराकडे पाठ करून पडलेले. धाकट्याच्या हातात तीच मोट होती.

शेठने मोट उसवून कातडं पुन्हा नगाऱ्यावर चढवलं. काही वर्षांत मीठही संपलं आणि लोक बंदराकडे निघून गेले. शेठ एकटा मागे राहिला. मिठाने कडक झालेलं ते कातडं नीट वाजत नसे. तरी प्रत्येक वावटळीत तो नगारा वाजवत राही. आता बाहेर कुणीच नव्हतं.

तात्पर्य: परक्यांसाठी जपलेली सोय मोडण्याआधी आपली माणसं कुठे आहेत ते पाहावं.