सोळा आणे भीती

"कितीदा धुतलेस हात?"

"अकरा वेळा, महाराज." त्र्यंबकने ताठ मानेने सांगितले.

टेकडीवरच्या त्या मठात त्र्यंबक तीन वर्षे रांधत होता. त्याच्यासारखे कडक सोवळे पंचक्रोशीत नाही, असे लोक म्हणत. ऐकून त्याची छाती फुगे. पण हातांच्या भेगांतून आता रक्त येऊ लागले होते, आणि दुपारची पंगत उन्हे कलल्यावर बसू लागली होती.

"विहीर आटवतोस का रे मेल्या?" पाणी ओढणारी भागाबाई आज सकाळीच ओरडली होती.

मठाधिपती विश्वंभरबुवांनी पुढ्यातल्या ताटाला हात लावला नाही.

"अकराच का?"

"दहा झाले तरी मन सांगतं, अजून विष आहे."

"कसलं विष?"



"पहिल्याच श्रावणात माझ्या हातची खीर खाल्लीत आणि आठ दिवस अंथरुणाला खिळलात. तेव्हापासून वाटतं, हात नीट धुतले नाहीत तर माझ्याच हातून तुमचा घात होईल." मान मात्र खाली गेली नाही. "आज तुम्ही धडधाकट आहात, ते या हातांमुळे."

"म्हणजे मी तुझ्या पुण्याईवर जगतोय?"

"हो, महाराज."

"आणि तू यायच्या आधीची सत्तर वर्षं?"

त्र्यंबक बोटांवर वर्षे मोजू लागला.

"त्या दिवशी खिरीच्या आधी मी मक्याची सात कणसं हाणली होती. विचार भागाबाईला."

त्र्यंबकला हसू आले आणि तिथेच विरले.

"मला पटतं, महाराज. हातांना पटत नाही."

"मग हातांनाच शिकवू. जा, अंगणातली माती चिवड आणि एकदाच धुऊन ये."

एक तांब्या ओतून झाला. दुसऱ्याकडे हात गेला, घुटमळला, रिकामाच परतला.

बुवांनी तोंड उघडले.

"भरव."

"महाराज!"

"विष कधी चढेल?"

"दिवस मावळायच्या आत."

"मग वेळ घालवू नकोस."

त्र्यंबकने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून भरवला. निम्मी आमटी बुवांच्या दाढीत गेली.

"भीती किती?"

"सोळा आणे."

"बस इथे. पाण्याला शिवायचं नाही. मला बरं वाटतंय का, हेही विचारायचं नाही."

तो बसला. दोनदा उठला, दोनदा आपणच परत बसला. ऊन ओसरीवरून अंगणात उतरले.

"आता?"

"चौदा... नाही, बारा."

बुवा आडवे झाले. डोळे मिटले. हालचाल थांबली.

बुवा संपले? त्र्यंबकने नाकाजवळ बोट धरायला हात पुढे केला... आणि मागे घेतला. मांडीखाली दाबून ठेवला. घाम डोळ्यांत उतरला, तरी तो हलला नाही.

कितीतरी वेळाने बुवा घोरू लागले.

दिवस मावळला. बुवांनी जांभई दिली, दाढीतली सुकलेली आमटी झटकली.

"किती?"

"दोन आणे." त्र्यंबकला आपल्याच आवाजाचे नवल वाटले.

"उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी भीती पुन्हा सोळा आण्यांवर गेली. तिसऱ्या दिवशी अकरावर. आठ दिवस तो एकदाच हात धुऊन भरवत राहिला आणि जवळ बसून राहिला. भेगा भरत आल्या. नवव्या दिवशी पंगत भर दुपारी बसली.

त्र्यंबक छाती काढून बुवांसमोर उभा राहिला.

"महाराज, भीती अजून येते. पण ती आली म्हणून मी पाण्याला उठत नाही. इतकं धैर्य या मठात दुसऱ्या कुणाचं आहे, सांगा!"

बुवांनी घास सावकाश चावला. गिळला.

"तीन वर्षं झाली, त्र्यंबका... तुझी खारट आमटी मी रोज खातोय."