ठकूची तीन मरणं

फार जुन्या काळी एका चिंचेखालच्या वारुळात ठकू नावाची मुंगी राहायची. मेलेल्या मुंग्या उचलून बांधापलीकडच्या ढिगावर नेऊन टाकायच्या, हे तिचं काम. एका दुपारी ढिगाच्या सावलीत तिचा डोळा लागला आणि मढ्यांचा वास तिच्या अंगाला चिकटला.

घरी पोचते तोच दारावर पहारा देणाऱ्या तिच्या बहिणीने, भिवराने, मिशा लावून तिला हुंगलं. "अरेरे, गेली बिचारी!" म्हणत तिने ठकूला उचललं आणि ढिगाची वाट धरली.

"अगं, जिवंत आहे मी! बोलतेय ना तुझ्याशी!"

"बोलतेस खरी," भिवरा म्हणाली, "पण वास मेल्याचा येतोय. मेल्यावर असं ओरडू नये, बाई."

ठकू ढिगावरून उठून परत आली. भिवराने पुन्हा नेऊन टाकली. तिसऱ्या खेपेला तर भिवरा वैतागलीच. "एकदा मेलीस ना? मग सारखी घरी काय येतेस?"

शेवटी ठकूने ओल्या मातीत तासभर अंग घासलं, तेव्हा कुठे वास गेला. दारात भिवराने तिला मायेने जवळ घेतलं. "आलीस का गं? आज एका मढ्याने फार छळलं बघ!"

ठकू भडकली. "ते मढं मीच होते! मिशांचं ऐकतेस आणि सख्ख्या बहिणीचं ऐकत नाहीस?"

तेवढ्यात तिच्याच मिशा थरथरल्या. तीनदा ओझं वाहून तो वास आता भिवराच्या अंगाला लागला होता.

"अगं ठकू, खाली ठेव मला! जिवंत आहे मी!"

"कळतंय गं मला," ठकू ढिगाकडे झपाझप चालत, हुंदका देत म्हणाली, "पण गेलीस ना बिचारी!"